एकाच ओंडक्यातल्या दोन फळ्या

उतारावरच्या लाकडी रुळांना फासलेलं वंगण सकाळी पांढुरकं आणि घट्ट होतं. बोट टेकवलं तर ठसा तसाच राहायचा. ऊन शेडच्या छपरावरून खाली उतरलं तसं डाव्या रुळावरचं वंगण आधी पिवळसर झालं, मग त्याला चकाकी आली, आणि मघाचा ठसा कडांकडून हळूहळू भरत जाऊन नाहीसा झाला. उजव्या रुळावर होडीची सावली होती. तिथला ठसा अजून शाबूत होता. तिघा भावंडांतल्या मधल्या बहिणीने, जिला घरात मधलीच म्हणत, दोन्ही ठसे पाहिले आणि दादाला हाक मारली.

"डावा रूळ मऊ पडलाय. दोन्ही सारखे नसतील तर खाली पाण्यात जाताना होडी तिरकी होईल."

"डाव्यावर ओली पोती टाकतो," होडीच्या पोटाखालून दादाचा आवाज आला. मग तो एकदम गप्प झाला.

गेल्या महिन्यापासून या घरात 'डावा' हा शब्द जपून वापरला जात होता.

मधलीच्या डाव्या स्तनात गाठ सापडली होती, वाटाण्याहून थोडी मोठी. सुईने तुकडा काढून तपासला. कॅन्सर होता, पण अगदी सुरुवातीचा. सर्जनबाईंनी दोन वाटा सांगितल्या होत्या. गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा निरोगी भाग काढायचा, स्तन ठेवायचा आणि नंतर काही आठवडे रोज रेडिएशन घ्यायचं, ही एक. डावा स्तन पूर्ण काढायचा, ही दुसरी. जगण्याच्या दृष्टीने दोन्ही वाटा सारख्याच, हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं. तिसरी वाट घरच्यांनी शोधून काढली होती. दोन्ही स्तन काढून टाकायचे, म्हणजे पुन्हा भानगडच नको. त्यावर सर्जनबाई म्हणाल्या होत्या, आईलाही झाला होता ना, मग आधी जनुकांची तपासणी येऊ दे. तो अहवाल आज यायचा होता. ऑपरेशन परवावर आलं होतं. मधलीने आधी दोनदा मुदत मागून घेतली होती. तिसरी मिळणार नव्हती.

आणि आजच होडी पाण्यात जायची होती. वर्षभर खपून बांधलेली, या कारखान्यातली आजवरची सगळ्यात मोठी मासेमारीची होडी. भरती कोणासाठी थांबत नाही, म्हणून धाकटी बहीण पहाटेच्या गाडीने शहरातून आली होती, मधलीच्या नवऱ्याने शाळेतून रजा काढली होती आणि वहिनीने सकाळपासून चहाची किटली स्टोव्हवरून खाली उतरवली नव्हती.

जेवायला सगळे आखणीच्या शेडमध्ये जमले. इथल्या काळ्या रंगवलेल्या जमिनीवर मधली प्रत्येक होडी आधी पूर्ण आकारात खडूने आखत असे, गुडघ्यांवर बसून, लांब लवचीक पट्टी वाकवून. कडेला जुनं सुतारी टेबल होतं. आईने त्याच्या खणातून लाकडी खुंट्या काढल्या आणि सगळ्यांसमोर एकेक ठेवली.

ही पद्धत बाबांची. ते होते तेव्हा घरात सगळे एकदम बोलत आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होई. म्हणून त्यांनी खुंट्या आणल्या. उभी म्हणजे हो, आडवी म्हणजे नाही. कुठलं लाकूड घ्यायचं, कुठलं काम नाकारायचं, सगळं खुंट्यांवर ठरे.

"आई, हे काय?" धाकटी म्हणाली. "ही काय ऑर्डर घ्यायची की नाही असली गोष्ट आहे?"

"तू शहरात जायचं काढलंस तेव्हाही खुंट्याच ठेवल्या होत्या."

"आणि मी हरले होते. तरी गेले."

"म्हणून तर मतं बघायची. ऐकायचं की नाही ते ज्याचं त्याचं." आईने आपली खुंटी उभी केली आणि ती पडू नये म्हणून वरून बोट दाबून धरलं. "दोन्ही काढायचे. माझं मत झालं."

आईचा उजवा स्तन मधली शाळेत असताना काढला होता. त्याजागी आई स्वतः शिवलेली, तांदूळ भरलेली कापडी पिशवी वापरे. पहिली पिशवी हलकी झाली आणि एक खांदा वर राहू लागला, तेव्हा तिने थोडे थोडे तांदूळ वाढवत दोन्ही खांदे आरशात एका रेषेत आणले होते. तेव्हापासून त्या विषयावर ती कधी बोलली नव्हती. आपण जगलो, एवढं सांगणं तिला पुरेसं वाटे. आता टेबलाभोवतीचे चेहरे बघताना तिला वाटलं, यांना समोर बसलेला पुरावा दिसत कसा नाही?

दादाने आपली खुंटी उभी केली. "मी आईबरोबर."

"तुला काय त्यातलं कळतं?" धाकटी.

"लाकडातलं कळतं. जोडफळी आहे ही."

या कारखान्यात होडीच्या डाव्या आणि उजव्या बाजूची समोरासमोरची फळी नेहमी एकाच ओंडक्यातून, शेजारीशेजारी कापत. त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या वाकत. पण ओंडक्यातच कीड असली तर ती दोन्ही फळ्यांत उतरे. म्हणून बाबांचा नियम होता, एका बाजूची फळी किडलेली निघाली की समोरची न विचारता काढायची.

"अहो, ती होडी नाही," वहिनी म्हणाली.

"मग तू आडवी ठेव."

वहिनीने खुंटी उचलली, विचार केला आणि किटलीला तिरकी टेकवून ठेवली. "मी सांध्यांत सूत ठासणारी बाई. माझं काम फळ्या ठरल्यावर सुरू होतं."

"जावईबापू, तुम्ही?" आईने विचारलं.

मधलीचा नवरा भूगोल शिकवत असे. घरात सगळे त्याला मास्तरच म्हणत. खुंटी तो हातात फिरवत बसला होता. "ती म्हणेल तसं," तो म्हणाला.

मधलीने पावाचा तुकडा परत ताटलीत ठेवला. हे वाक्य ती महिनाभर ऐकत होती.

तेवढ्यात तिच्या ॲप्रनच्या खिशात फोन वाजला. पडद्यावर सर्जनबाईंचं नाव होतं. तिने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि आवाज मोठा केला. धाकटीने खुर्ची ओढली.

"अहवाल आला," सर्जनबाई म्हणाल्या. "चांगली बातमी आहे. ज्या जनुकांमुळे हा आजार पिढीतून पिढीत उतरतो, त्यांतल्या एकाही तपासलेल्या जनुकात दोष नाही."

धाकटीने टेबलावर दोन्ही हात आपटले. खुंट्या गडगडल्या, एक थेट रश्श्यात गेली. ती औषधांच्या दुकानात काम करायची. या अहवालाचा अर्थ तिला इतरांच्या आधी समजला होता, आणि तो आपल्यालाही लागू आहे हे तर महिनाभर समजत होतं. रोज आंघोळ करताना ती स्वतःला चाचपत होती आणि कोणाला सांगत नव्हती. आता तिचे पाय टेबलाखाली आपोआप हलायला लागले होते. तिने वहिनीला मिठी मारली, मग मास्तरांना, मग चुकून दादालाही.

"अगं, चहा सांडेल," वहिनी म्हणाली, पण तीही हसत होती.

"थांबा," दादा फोनवर वाकून म्हणाला. "डॉक्टर, मी तिचा भाऊ. एक विचारू? दोन्ही एकाच ओंडक्यातले ना?"

सर्जनबाईंनी विचारलं, "ओंडका? तुम्ही काय काम करता?"

"होड्या बांधतो." मग त्याने जोडफळ्यांचा नियम सांगितला, हातवारे करत, जणू फोनला ते दिसणार होते.

"छान नियम आहे," सर्जनबाई म्हणाल्या. "तर असं समजा, कीड ओंडक्यातून आली का, हेच आपण तपासत होतो. जेवढं तपासता येतं त्यात तरी तसं काही निघालं नाही. आता दुसरी गोष्ट. उजव्या बाजूला पुढे नवा कॅन्सर होण्याची शक्यता शून्य नाही. पण ती कमी आहे, आणि आपण दरवर्षी तपासत राहणार आहोत. उजवा काढल्याने डावीकडच्या आजारातून वाचायची शक्यता वाढत नाही. डावीकडच्या पेशी कुठे जायच्या असतील तर त्या उजवीकडून वाट विचारत जात नाहीत."

"म्हणजे उजवा काढायचा नाही," दादा म्हणाला.

"मी तसं म्हटलं नाही. सगळं समजून घेऊन त्यांना तसंच हवं असेल तर आपण बोलू. मोठं ऑपरेशन आहे, बरं व्हायला वेळ लागतो, आणि गेलेली संवेदना परत येत नाही. नुसती गाठ काढायची तर रेडिएशन मात्र चुकवून चालणार नाही, आणि त्या जागी पुन्हा उद्भवण्याचा थोडा धोका राहतो. हे सगळं त्यांना माहीत आहे. मी आता एका ऑपरेशनला जातेय. बाहेर आले की फोन करते, तेव्हा मला उत्तर लागेल." आणि ठेवता ठेवता म्हणाल्या, "त्यांचं उत्तर."

फोन बंद झाल्यावर दादाने आपली खुंटी शोधली, पुसली आणि आडवी ठेवली.

"लगेच पलटलास," आई म्हणाली.

"ओंडका चांगला आहे म्हणाल्या ना. मग चांगली फळी कोण काढतं? बाबांनीही काढली नसती."

"ओंडका चांगला होता तर मला का झाला?"

धाकटी म्हणाली, "आई, बऱ्याच जणींना का झाला ते सांगताच येत नाही. तुझ्या वेळी तर—"

"माझ्या वेळचं राहू दे. मी इथे बसलेय की नाही?"

"बसलीयेस."

"मग झालं."

मास्तरांनी खुंटी टेबलावर ठेवली. उभी.

"हे काय?" धाकटीने विचारलं. "आता? अहवाल चांगला आल्यावर?"

"अहवाल समजला मला," मास्तर म्हणाले. कान लाल झाले होते. "मी वर्गात मुलांना शक्यता म्हणजे काय ते शिकवतो, पुराची, भूकंपाची. कमी म्हणजे किती कमी ते मला कळतं. पण रात्री शेजारी झोपलो की काही उपयोग होत नाही त्याचा. दरवर्षी तपासणी येणार. तिच्या आधीचे दिवस, आणि निकाल येईपर्यंतचे. मला ते झेपायचं नाही. काढून टाकू दोन्ही. माझं मत विचाराल तर हे आहे."

आईने त्यांच्या ताटलीत न मागता पाव वाढला. तिच्या बाजूचं एक मत गेलं होतं, दुसरं मिळालं होतं.

मधली नवऱ्याकडे बघत होती. तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी छातीवरून काहीतरी उचललं गेल्यासारखं वाटलं आणि तिला हसू आलं.

"मास्तर, महिनाभर हे कुठे ठेवलं होतंस?"

"तुझ्यावर ओझं नको म्हणून—"

"'तू म्हणशील तसं' यापेक्षा मोठं ओझं घरात दुसरं कुठलं होतं सांग. मी रोज भिंतीशी बोलत होते."

"आता रागावलीस?"

"नाही रे. बरं वाटलं. कोणीतरी आहे पलीकडे." तिने त्यांच्या ताटलीतला पाव उचलून खाल्ला. आज पहिल्यांदा भूक लागली होती. "पहिला आठवडा मलाही तेच वाटत होतं. दोन्ही आत्ता काढा, इथेच काढा. दादाची करवत चालली असती."

"माझ्या करवतीचं नाव काढू नकोस," दादा म्हणाला.

"मग वाटलं, जरा थांबू. हे कोण बोलतंय ते बघू. गाठीसाठी किती काढावं लागतं ते डॉक्टरांना सांगता येतं. भीतीसाठी किती काढावं लागतं ते कोण सांगणार? तिला दोन्ही देऊन ती गप्प बसेल, असं तरी कुठे आहे?"

"म्हणजे ठरलं तुझं?" धाकटी पुढे झुकली.

मधली काही म्हणणार तोच दारातून वहिनी ओरडली. ती मघाशीच बाहेर जाऊन पाण्यावर नजर ठेवून होती. "खालच्या खांबाला भरतीचं पाणी लागलं. चला लवकर, तुमचं नंतर ठरवा."

टेबल क्षणात रिकामं झालं.

होडी उतारावर लाकडी आधारांवर बसलेली होती, आणि त्या आधारांखाली दोन्ही बाजूंना पाचरी ठोकलेल्या. त्या काढायच्या दोन्हीकडून एकाच वेळी, समोरासमोर, एकमेकांचा ठोका ऐकत. दादा आणि कामगार पुढच्या टोकाला गेले. धाकटीने शहरातले बूट काढून फेकले आणि अनवाणीच दोरापाशी उभी राहिली. मास्तर तिच्या मागे, दोराचं शेपूट धरून. मधल्या पाचरी नेहमीप्रमाणे आई आणि मधलीच्या. आई उजवीकडे, मधली डावीकडे. होडीच्या पोटाखालून दोघींना एकमेकींचे फक्त गुडघे आणि हात दिसत होते.

ठक्. पलीकडून ठक्. मधलीने ताल धरला.

"एक विचारते," आई पलीकडून म्हणाली. "तू ठेवलास, तर मी काय समजायचं? माझा उगाच काढला?"

"उगाच कसा? तुझी गाठ मोठी असेल. तेव्हा रेडिएशनची सोयही जवळ नव्हती."

"मोठी होती की लहान, मला कुठे माहीत?" ठक्. "डॉक्टर तुझ्या बाबांशी बाहेर बोलले. बाबा इथे आले, खुंट्या ठेवल्या. दादाने ठेवली, माझ्या दिरांनी ठेवली. सगळ्या उभ्या. मी शुद्धीवर आले तेव्हा पट्टी होती. बाबा म्हणाले, सगळं काढलं, आता काळजी करू नकोस."

मधलीचा हात हवेत थांबला. "आणि तुझी खुंटी?"

"मी दवाखान्यात होते ना. माझी कोण ठेवणार?"

हे त्या घरात कोणी कधी म्हटलं नव्हतं. इतक्या नेटक्या पद्धतीत एवढी मोठी फट राहिली होती आणि ती कोणाच्या ध्यानातही आली नव्हती, पद्धत घालणाऱ्याच्यासुद्धा नाही.

"तू कधी भांडली नाहीस?"

"भांडून काय परत चिकटणार होता? आणि जगले ना मी. माझी तक्रार नाही." ठक्. "विचारलं असतं तर मी काढा असंच म्हटलं असतं. बहुतेक. पण मी म्हटलं असतं."

मधली वाकून पलीकडे बघायला लागली. आईचा चेहरा दिसत नव्हता. पाचरी ठोकायची मोगरी धरलेला हात दिसत होता, पुढच्या ठोक्यासाठी उचललेला.

"आई."

"ताल चुकवू नकोस. दादा ओरडेल." आणि दोन ठोक्यांनंतर, "मघाशी माझी खुंटी उभी होती ना? ती काढून घेतली समज. आडवी नाही, उभी नाही. मी ठेवलीच नाही. तुझं तू बोल. पण बोल आता, पोरी. महिना झाला सगळे तुझ्या तोंडाकडे बघतोय."

शेवटची पाचर निघाली. क्षणभर काहीच झालं नाही. मग होडीच्या पोटातून एक खोल, लांब कण्हल्यासारखा आवाज आला.

"बाजूला व्हा," दादा पुढून ओरडला.

तो सकाळपासून एकाच गोष्टीला घाबरत होता. डावा रूळ. ओली पोती उचलताना वंगण घट्ट झालेलं त्याने स्वतः बोट टेकवून बघितलं होतं, तरी श्वास रोखून तो दोन्ही रुळांकडे आळीपाळीने बघत राहिला. होडी आधी विचार केल्यासारखी हलली, मग सरकली, मग तिला कोणाची गरज उरली नाही. वंगणातून धुराची बारीक रेघ निघाली. दोर धाकटीच्या हातांतून सळसळत गेला. मागचं टोक पाण्यात घुसलं, दोन्ही बाजूंना पाणी भिंतीसारखं वर आलं आणि खाली कोसळलं, आणि होडी पाण्यावर डुलली, सरळ. कणभर तिरकी नाही. दादा वाळूवर मटकन बसला आणि डोळे पुसत हसायला लागला.

वहिनी एका फळकुटावरून होडीत चढून आत वाकली. "कोरडी आहे," ती वरून म्हणाली. "माझ्या एकाही सांध्यातून थेंब नाही. लिहून ठेवा, म्हणजे मागाहून कोणी काही म्हणणार नाही."

सगळे एकदम बोलत होते. मास्तर कमरेपर्यंत भिजले होते. दोर सोडायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. धाकटी त्यांच्याकडे बोट दाखवून पोट धरून हसत होती.

मधलीच्या खिशात फोन वाजला.

तिने हात ॲप्रनला पुसले. हसण्याचे आवाज एकेक करून थांबले. मास्तर पाण्यातून बाहेर आले आणि तिच्यापासून दोन हातांवर उभे राहिले. जवळ आले नाहीत. ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "तू दरवर्षी त्या दिवसांत माझ्याबरोबर बसशील का? भीत भीत बसलास तरी चालेल."

"बसेन," मास्तर म्हणाले.

तिने फोन कानाला लावला.

"डॉक्टर, मी बोलतेय. इथे जरा गोंगाट आहे, म्हणून मोठ्याने सांगते. फक्त गाठ काढायची. स्तन ठेवायचा. रेडिएशनला मी रोज येईन, एकही दिवस चुकवणार नाही. आणि उजवीकडे हात लावायचा नाही. हो, माझंच उत्तर आहे."